ड्यूकचा खिळा

रत्नदीपला राग आला तेव्हा लिफ्ट अकराव्या मजल्यावर होती. म्हणजे तो राग बोलून दाखवायला त्याच्याकडे चांगले दहा मजले होते. ते त्यानं सगळेच्या सगळे वाया घालवले.

"हे बघ, वैयक्तिक घेऊ नकोस," सुबोध म्हणत होता. खांद्याला टेनिसची रॅकेट, अंगाला सनस्क्रीनचा वास. "मी स्वतः असलं काही मानत नाही, तुला माहितीये. तुझ्या बाबांचं वाचनालय ही फारच गोड कल्पना आहे. फक्त तो फोटो तेवढा काढा. क्लबहाऊसला एक थीम आहे रे. युरोपियन हेरिटेज. त्यात तो जरा... म्हणजे बसत नाही."

"कोणाचा फोटो?" रत्नदीपनं विचारलं. सातवा मजला.

"अरे, तोच," सुबोध म्हणाला. तळमजला आला, तरी ते नाव काही त्याच्या तोंडाशी आलं नाही.

दार उघडलं आणि रत्नदीपच्या तोंडून जे शब्द बाहेर पडले ते असे: "नो प्रॉब्लेम, सर."

पुढचे तीन आठवडे तो सुबोधवर चिडलेला होता आणि या तीन शब्दांवर त्याच्या दुप्पट.

आता ही थीम काय भानगड आहे ते सांगायला हवं. सिंगापूरच्या मरीन परेड भागातल्या या कॉन्डोचं, म्हणजे गृहसंकुलाचं, नाव 'द श्लॉस'. श्लॉस म्हणजे जर्मन भाषेत राजवाडा. बिल्डरनं अठरा मजल्यांचे तीन टॉवर बांधले, ते जगातल्या कुठल्याही टॉवरसारखेच दिसतात हे उशिरा त्याच्या लक्षात आलं, आणि मग मधल्या मोकळ्या जागेत, स्विमिंग पूलला खेटून, जर्मनीतल्या हेल्मेनाउ नावाच्या गावच्या राजवाड्याची निम्म्या मापाची नक्कल त्यानं उभी केली. हेच क्लबहाऊस. पिवळ्या भिंती, हिरवे मनोरे, पायरीवर दोन दगडी सिंह आणि सिंहांच्या पोटात पूलच्या पंपाचे स्विच. दारं मात्र फायर सेफ्टीच्या नियमामुळे पूर्ण उंचीची ठेवावी लागली. त्यामुळे जवळ गेलं की राजवाडा धाकट्या भावाचा शर्ट घातलेल्या माणसासारखा दिसायचा.

आत मुख्य दालनात एका भल्यामोठ्या खिळ्यावर ड्यूक लिओपोल्ड ओटोचं तैलचित्र. खाली पितळी पाटी: ड्यूक संगीताचे भोक्ते होते, त्यांना सतरा कुत्रे होते, आणि कर नाकारणाऱ्या अकरा शेतकऱ्यांना त्यांनी याच राजवाड्याच्या बागेत फासावर दिलं. बिल्डरनं मजकूर कुठून तरी उतरवून घेतला होता आणि तो वाचायचे कष्ट घेतले नव्हते.

ड्यूक थीममध्ये बसत होता.

रत्नदीपचे वडील रावसाहेब हे निवृत्त ग्रंथपाल. पवनीच्या सार्वजनिक वाचनालयात अडतीस वर्षं. नोकरीला लागले त्याच दिवशी त्यांनी वाचकांचं रजिस्टर नव्यानं आखलं आणि त्यातून आडनावाचा रकाना काढून टाकला. सेक्रेटरीनं कारण विचारलं, तर म्हणाले, "शाई वाचते." बायको गेल्यावर ते मुलाकडे सिंगापूरला आले ते चार खोकी पुस्तकं, तसंच आखलेलं एक कोरं रजिस्टर आणि बाबासाहेबांचा एक फ्रेम केलेला फोटो घेऊन. पहिला महिनाभर ते बाल्कनीतून समुद्रातली जहाजं बघत बसले. मग म्हणाले, "अठ्ठ्याहत्तर मोजून झाली. उद्या पुन्हा तीच असतील. मी काहीतरी काम करतो."

आणि दर रविवारी सकाळी क्लबहाऊसच्या दालनात वाचनालय सुरू झालं. रत्नदीप तुआसला बंदरावरच्या क्रेनचा इंजिनिअर. त्याच्याबरोबरचे धम्मदीप वगैरे सात-आठजण बेटाच्या त्या टोकापासून या टोकापर्यंत एमआरटीनं, म्हणजे इथल्या मेट्रोनं, यायचे, पुस्तक बदलायचे, चहा प्यायचे. कॉन्डोतल्या दोन-तीन मराठी बायका यायच्या. अंकल गोह म्हणून सत्तरीचे एक चिनी गृहस्थ यायचे. त्यांना मराठीचं अक्षर येत नव्हतं, पण दालनातला एसी चांगला होता. रावसाहेबांनी त्यांचंही नाव रजिस्टरात घातलं, वाचक क्रमांक नऊ. फोटो टेबलावर फुलदाणीला टेकून ठेवलेला असायचा. भिंतीला कोणी हातही लावला नव्हता.

सहा रविवार झाले आणि लिफ्टमध्ये ते संभाषण झालं.

सुबोध हा द श्लॉसच्या कमिटीचा चेअरमन. मूळ कोथरूडचा, एका बँकेच्या आयटीत बडा मॅनेजर, पंधरा वर्षं सिंगापुरात, फ्लॅट स्वतःच्या मालकीचा. रत्नदीप राहायला आला त्या दिवशी याच लिफ्टमध्ये त्यानं विचारलं होतं, "रत्नदीप... पुढे?" रत्नदीपनं आडनाव सांगितलं. सुबोध म्हणाला, "अच्छा. अच्छा." पहिला अच्छा ऐकल्याचा होता. दुसरा, खात्री पटल्याचा. विमानानं साडेपाच तास येऊन, पासपोर्टवर तीन शिक्के घेऊन, पोहोचायचं कुठं, तर त्याच दुसऱ्या अच्छापाशी.

रावसाहेबांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं. मग खोक्यांत पुस्तकं भरायला लागले.

"बाबा, अहो, वाचनालय चालू ठेवा म्हणताहेत ते. फोटो फक्त—"

"फोटोशिवाय काहून चालवू? मी वाचायला शिकलो तो कोणाच्या जिवावर, ड्यूकच्या?" त्यांनी सेलोटेपचं टोक नखानं शोधलं. "तीस तारखेचं तिकीट बघ माझं. इथं वाचनालय नाही तर माझं काम काय? लिफ्टचं बटण दाबणं?"

"मी बोलतो त्यांच्याशी."

"बोलला होतास ना लिफ्टमध्ये. काय म्हणालास?"

रत्नदीपनं खोक्याचं झाकण दाबून धरलं.

"हां," रावसाहेब म्हणाले आणि टेप ओढली. त्या टेपचा आवाज रत्नदीपला पुढे कित्येक दिवस ऐकू येत राहिला.

रोज सकाळी मरीन परेडहून तुआसला जाताना दीड तास तो एमआरटीत मनातल्या मनात भाषण लिहायचा. जुरॉंगच्या पुढे डबा रिकामा झाला की ओठ हलवून म्हणायचा. कामावर गेल्यावर ऐंशी मीटर उंच क्रेनखाली उभा राहून हातवारे करायचा. एकदा क्रेननं, सेन्सरला वाटलं की माणूस धोक्यात आहे म्हणून, काम थांबवलं आणि अख्खा धक्का वीस मिनिटं ठप्प झाला. रिपोर्टात कारण काय लिहावं हे त्याला सुचेना. त्यानं लिहिलं, 'हवामान'.

भाषणाची सुरुवात फार जोरकस होती: "सुबोध सर, अकरा माणसं फासावर चढवणारा तुमच्या थीममध्ये बसतो." पुढचा भाग रोज बदलायचा, आणि रोज जास्त लांब व्हायचा.

मग नोटीस बोर्डावर वार्षिक सभेचा अजेंडा लागला. ठराव क्रमांक सहा, मांडणार सुबोध: 'क्लबहाऊसचा वापर हेल्मेनाउ येथील मूळ राजवाड्याच्या वापराशी तंतोतंत सुसंगत राहील. मूळ राजवाड्यात जे होत नाही ते येथे होणार नाही. यात फेरफार करण्याचा अधिकार कोणत्याही कमिटीस नसेल.' शेवटचं वाक्य सुबोधनं खास घातलं होतं. पुढच्या वर्षी एखादी मवाळ कमिटी आली तर? त्याला नियम पक्का हवा होता. तसा तो कामाला चोख माणूस.

रत्नदीपनं त्याचा मोबाईलवर फोटो काढून घरी बायकोला, एकताला दाखवला. "वाच. म्हणजे राजवाड्यात काय आमच्यासारखे बसतात का, असं म्हणायचंय त्याला. पण लेखी."

एकता संशोधक. एका जर्मन प्रयोगशाळेत दोन वर्षं राहून आलेली, भाषा बऱ्यापैकी येणारी. तिनं ठराव दोनदा वाचला. मग तिनं असा एक प्रश्न विचारला जो तीन टॉवरांतल्या चारशे कुटुंबांपैकी कोणालाही सुचला नव्हता.

"त्या राजवाड्यात सध्या चालतं काय?"

तिनं शोधलं. मग वाचता वाचता तिला हसू यायला लागलं, आणि रत्नदीप चिडला, कारण त्याच्या मते ही हसण्याची वेळ नव्हती.

हेल्मेनाउचा ड्यूक कधीच गेला, वारस नाही, राजवाडा नगरपालिकेकडे. तळमजल्यावर सार्वजनिक ग्रंथालय. नाचाच्या दालनात लग्नाची नोंदणी. शिकारखान्यात बेरोजगारांसाठी रोजगार केंद्र. ड्यूकच्या खासगी बैठकीत परदेशातून आलेल्या निर्वासितांना जर्मन शिकवण्याचे वर्ग. तळघरात, जिथं वाईनची पिंपं होती तिथं, जुने कपडे मोफत मिळतात, मंगळवारी आणि गुरुवारी.

एकतानं तिथल्या ग्रंथपालबाईंना ईमेल केला. बाईंचं उत्तर दुसऱ्याच दिवशी आलं, लांबलचक आणि फार प्रेमळ. 'आमच्या वाचनाच्या खोलीत पूर्वी ड्यूकचं चित्र होतं,' त्यांनी लिहिलं होतं. 'वाचकांनी मतदान करून ते उतरवलं. ते आता तळघरात सायकलींच्या मागे आहे. त्याच्या खिळ्यावर दरवर्षी वाचक मत देऊन ठरवतील ते चित्र लागतं. यंदा आमच्या गावच्या पहिल्या महिला बसचालकाचं आहे. नगरपालिकेविरुद्ध हरकतीचे अर्जही आमच्याकडेच मिळतात; नोंदणी केलेल्या वाचकालाच, महिन्याला एक. तुमच्याकडेही आमचा राजवाडा आहे हे वाचून गंमत वाटली. तुमच्याकडे कोणाचं चित्र आहे?'

शेवटची ओळ रत्नदीपनं तीनदा वाचली आणि लगेच त्याला त्याचाही राग आला. दहा हजार किलोमीटरवरच्या अनोळखी बाईनं सहज विचारलं होतं. लिफ्टमधल्या माणसाला विचारता आलं नव्हतं.

भाडेकरूला सभेत मत नसतं. रत्नदीपची घरमालकीण मॅडम ओंग बुकित बातोकला राहायच्या. तो प्रॉक्सीचा, म्हणजे त्यांच्या वतीनं मत द्यायचा, फॉर्म घेऊन तिकडे गेला. त्यांनी न वाचता सही केली आणि म्हणाल्या, "भांडण करणार?"

"नाही, बाजूनं मत देणार."

"मग एवढं तोंड कशाला पाडलंय?"

सभा रविवारी, त्याच दालनात, ड्यूकच्या खाली. शंभरेक मालक, प्लॅस्टिकच्या खुर्च्या, करी पफ. पहिले पाच ठराव पार्किंग आणि कुत्र्यांच्या विष्ठेवर होते आणि त्यावर दोन तास गेले. सहाव्याची पाळी आली तेव्हा लोक दमले होते. सुबोधनं वारसा या विषयावर सुंदर इंग्रजीत चार वाक्यं म्हटली.

रत्नदीप उभा राहिला. पाठ केलेलं भाषण नरड्याशी येऊन थांबलं होतं. 'अकरा माणसं' हे शब्द जिभेवर होते. एकतानं खालून त्याचा शर्ट ओढला. त्यानं आवंढा गिळला, भाषणासकट.

"एकच शंका. मूळ राजवाड्याचा वापर म्हणजे तेव्हाचा की आत्ताचा?"

सुबोधला प्रश्न आवडला. तो मोकळेपणानं हसला. "आत्ताचा, अर्थातच. वारसा जिवंत असतो. तेव्हाचा म्हटला तर इथं घोडे बांधावे लागतील!"

सभा हसली. मॅनेजर मिसेस लिम यांनी ते वाक्य टिपून घेतलं, घोड्यांसकट. मिसेस लिम सगळंच टिपून घ्यायच्या. ठरावाला मोठं बहुमत मिळालं. रत्नदीपनं मॅडम ओंगच्या नावानं हात वर केला तेव्हा सुबोधनं स्टेजवरून त्याला अंगठा दाखवला. खाली उतरल्यावर पाठीवर थाप मारली. "मला माहिती होतं, तू समजूतदार आहेस."

समजूतदार. त्या थापेची जागा रत्नदीपला संध्याकाळपर्यंत जाणवत होती.

सोमवारी सकाळी एकतानं मिसेस लिमना हेल्मेनाउ नगरपालिकेचं माहितीपत्रक आणि ग्रंथपालबाईंचं पत्र पाठवलं, इंग्रजी भाषांतर जोडून. मिसेस लिमना विनोदाची किंवा राजकारणाची अजिबात आवड नव्हती. त्यांना नियमांची आवड होती. बुधवारपर्यंत जिमच्या दारावर 'रोजगार केंद्र' अशी पाटी लागली आणि टोकनचं यंत्र आलं. ट्रेडमिलवर धावायलासुद्धा टोकन. कराओके रूममध्ये लग्न नोंदणी. लग्न लावायचा अधिकार नव्हता, म्हणून फक्त नोंद. वाईन सेलर रिकामा करून तिथं जुने कपडे, मंगळवार-गुरुवार. आणि सुबोधनं वर्षभर झगडून उभं केलेलं 'ड्यूक्स लाउंज', चामडी कोच आणि सिगारची कपाटं असलेलं, तिथं जर्मन शिकवण्याचा वर्ग. विद्यार्थी म्हणून पहिल्याच दिवशी चौदा मोलकरणी येऊन बसल्या. कोच त्यांना फार आवडले.

सुबोध लाल होऊन ऑफिसात गेला. रत्नदीप तिथं योगायोगानं हजर होता. असा योगायोग साधायला त्यानं अर्ध्या दिवसाची रजा टाकली होती.

"हे ताबडतोब थांबवा! कमिटी मीटिंग घेऊन रद्द करू."

"कमिटीला अधिकार नाही, लाह," मिसेस लिम सिंगापुरी हेल काढून म्हणाल्या. "तुमचंच वाक्य आहे. शेवटचं."

"पण मला अभिप्रेत होतं की—"

"तुम्ही म्हणालात आत्ताचा. मिनिट्समध्ये आहे. घोडे पण आहेत."

सुबोध वळला तर समोर रत्नदीप. "तू केलंस हे," सुबोध हळू म्हणाला. "इतका राग? एका फोटोवरून? सरळ सांगायचं होतंस यार. मी काय तसा माणूस आहे?"

रत्नदीपनं तोंड उघडलं. तीन आठवड्यांचं भाषण, दीड तास गुणिले दोन गुणिले पंधरा दिवस, सगळं एकदम दाराशी आलं आणि दारात अडकलं. 'तसा' म्हणजे कसा, एवढंच विचारायचं होतं. तेवढ्यात मिसेस लिमनी विचारलं, "वाचनालयाचं रजिस्टर कोणाकडे आहे? चित्राचं मतदान घ्यायचंय."

घरी रावसाहेबांनी तिकिटाचा कागद बाजूला ठेवला, पण आनंदानं उड्या वगैरे मारल्या नाहीत. "म्हणजे पळवाट काढली तुम्ही," ते म्हणाले.

"बाबा, जिंकलो आपण!"

"हो ना. पण सरळ 'हो' म्हणायला त्यांना काय झालं होतं? एक खिळा मिळवायला जर्मनीला जावं लागलं." ते खोक्याची टेप सोडवायला लागले. "मत घ्यायचं तर नीट घ्या. चिठ्ठ्या टाकून. कोणी हात वर करायचा नाही."

एव्हाना वाचक सव्वीस झाले होते; रविवारी सगळ्यांनी चिठ्ठ्या टाकल्या. पंचवीस एका बाजूला. एक चिठ्ठी हेल्मेनाउच्या बसचालक बाईंना होती. अंकल गोहनी लपवलं नाही. "पत्रकातल्या फोटोत चेहरा सावध वाटला," ते म्हणाले. "बस चालवायला सावध माणूस पाहिजे." रावसाहेबांनी ते मतही रजिस्टरात लिहिलं.

ड्यूकला खाली उतरवायला चार माणसं लागली. पाटीसकट त्याला पूलच्या पंपरूममध्ये, सायकलींच्या मागे, तोंड भिंतीकडे करून ठेवण्यात आलं. तोंड भिंतीकडे हे पत्रात नव्हतं. ते रत्नदीपनं स्वतःहून केलं. फोटो खिळ्यावर चढला. फ्रेम लहान, खिळा तैलचित्राचा. मागच्या भिंतीवर ड्यूकच्या आकाराचा फिकट चौकोन तसाच राहिला.

पुढच्या रविवारी, अकराच्या सुमारास, सुबोध आला.

दालनात पंधरा-वीस माणसं होती. धम्मदीपनं पुस्तकातून मान वर केली आणि खाली घातली नाही. सुबोध टेबलाशी येऊन उभा राहिला. "काका, नमस्कार. मिसेस लिम म्हणाल्या, ठरावावर हरकत घ्यायचा अर्ज इथंच मिळतो."

"मिळतो ना," रावसाहेब म्हणाले. "वाचकाला मिळतो. बसा, नाव घालून घेऊ." त्यांनी रजिस्टर उघडलं, पेनाचं टोपण काढलं. "नाव?"

"सुबोध—" आणि मग सवयीनं, जरा ठासून, पुढचं आलं.

पेन 'सुबोध'पाशी थांबलं होतं. "पुढचं नको. रकाना नाही."

"नाही? पण अजून एखादा सुबोध आला तर?"

"क्रमांक असतो. तुमचा सत्तावीस."

सुबोधनं रजिस्टरात डोकावून पाहिलं. वर सव्वीस नावं होती, नुसती नावं. त्यात 'गोह' होतं, 'एकता' होतं, तुआसचे सगळे होते. आता सत्तावीसवं, त्याच शाईचं, त्याच मापाचं. अर्ज घेऊन तो समोरच्या खुर्चीत बसला. ती खुर्ची नेमकी खिळ्याच्या खाली होती आणि त्यानं मान वर केली नाही.

रत्नदीप पुस्तकांच्या कपाटाशी उभा होता. हीच वेळ होती. माणूस समोर बसलेला, लिफ्ट नाही, मजले नाहीत, साक्षीला वीस जण. "सुबोध सर," तो म्हणाला. "अकरा माणसं—"

"रत्नदीप," रावसाहेब रजिस्टरातून मान न काढता म्हणाले, "पाणी आण त्यांच्यासाठी. घामाघूम झालेत."

"बाबा, मी बोलतोय."

"ऐकलं मी. आधी पाणी आण. वाचनालयात आलेल्याला आपण पाणी देतो."

रत्नदीप पँट्रीत गेला. ग्लास भरला. इतक्या रागानं याआधी कोणी ग्लास भरला नसेल. अर्धं पाणी सिंकमध्येच उडालं. त्यानं पुन्हा भरला, काठोकाठ, बाहेर आणला आणि टेबलावर आपटला. पाणी उसळून थेट अर्जावर सांडलं. सुबोधनं तोवर लिहिलेल्या साडेतीन ओळींची निळी शाई पसरली.

सुबोध ओल्या कागदाकडे बघत होता. मग त्यानं ग्लास उचलला. एकदाच वर, फोटोकडे पाहिलं, की नुसती मान मागे गेली म्हणून नजर तिथं गेली, हे रत्नदीपला आजही सांगता येत नाही. त्यानं सगळं पाणी पिऊन टाकलं आणि ग्लास खाली ठेवला.

"काका, दुसरा अर्ज मिळेल?"

"महिन्याला एकच," रावसाहेब म्हणाले. "पुढच्या महिन्यात या. तोवर एखादं पुस्तक न्या. सत्तावीस नंबरापुढं अजून एकही पुस्तक लिहिलेलं नाही."

सुबोध कपाटापुढं जाऊन उभा राहिला. रत्नदीप तिथंच होता, हाताची घडी घालून. त्यानं बाजूला व्हायला नको तितका वेळ लावला. मग झाला.